माया

मंगळवार पेठेत, तालमीच्या भिंतीला लागून माझं दुकान.
तीस वर्षं बायकांची मापं घेतो मी.
घेतो. चुकून नाही लिहिलं.
आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात,
भाकरी टाकतो आन् येतो, जरा थांब.
आजवर त्यावरनं
कुणी कुणाला दाखला मागितला नाही.

जुस्तीना सिद्दी दारातला उजेड अडवून उभी राहिली.
हळियाळच्या रानाकडची. कान मळलेल्या कणकेसारखे.
"मी आले," म्हणाली,
'ले'वर जोर देऊन, जसा अंगठा दाबून उठवतात कागदावर.
मागनं संघटनेचा शिपाई, पिशवीत मोतिया साडी.
"सत्काराला नेसायची हाय. अध्यक्ष म्हणाले,
फोटोत पोरगी पोरीसारखी दिसूदे.
बाही कोपरापर्यंत घ्या, दंड झाकतील."
मग हळू, ती भिंत असल्यासारखी:
"रंगाचं काय करणार म्हणा."

खांदा सतरा.
दंड पंधरा. टेप पुन्हा लावली. पंधराच.
"मावशी, तुम्हीपण हे कुठं लिहून पाठवणार काय?"

मला कळेना. मग तिनंच सांगितलं, आरशाकडं बघत.
उपांत्य कुस्तीत जिला चीत केलं
तिच्या चुलत्यानं अर्ज दिला: ही मुलगी नव्हे.
आवाज बघा, केस बघा, ओठ बघा.
ओठांचा आणि ढाकेचा काय संबंध, ते अर्जात नव्हतं.
दवाखान्यात नेलं. पडदा. अनोळखी दोघं.
"टेबल लई गार होतं," एवढंच बोलली.
आठ दिवसांनी कागद आला. स्त्री.
फोनवर आईला वाचून दाखवला.
आई म्हणाली, तू झालीस तवा मी बघितलंवतं की.

हे तिनं हसत सांगितलं. मी टेपचा गुंडाळा करत राहिलो.

एसटीत कंडक्टर तिच्याशी इंग्रजी बोलतो.
ती म्हणते, "दाजी, सुट्टे न्हाईत."
ब्लाउज न्यायला आलेल्या माळकरीण काकू तेवढ्यात म्हणाल्या,
"एवढ्या दंडाला पेलणारा नवरा कुठनं मिळायचा गं?"
"पंचावन्न किलोचा बघा काकू. उचलायला बरा."
काकूंनी पिको तपासायला घेतला.

रात्री कापायला बसलो.
खिळ्याला माझे खाकी कागदाचे साचे,
चौतीस, छत्तीस, चाळीस,
सगळे एकाच बाईचे
जी तीस वर्षांत कधी दुकानात आलीच नाही.
त्या बाईसाठी मी किती जणींना म्हणालो,
पोट आत घ्या, खांदे पाडा, श्वास धरा.
माझ्या थोरलीला म्हणालो, पळू नको, छाती हलती.
ती जिल्ह्याला पळणार होती.

वर्तमानपत्र पसरलं, नवा साचा आखला.
जाताना जुस्तीना एकच गोष्ट बोलली होती,
"हात वर गेला पाहिजे, मावशी.
पंच धरून वर करतो न्हवं, तेवढा."
म्हणून मुंढा खोल घेतला, बगलेत चौबगला घातला,
सासऱ्यांच्या बंडीला असायचा तसा.
बाही घेतली चार बोटं.
शिपायाला सांगितलं, कापड पुरलं नाही.

सत्काराचा फोटो छापून आला, पान पाचवर.
अध्यक्ष सगळे, हार सगळा,
तिचा नुसता चेहरा, तोही कुणीतरी
पावडर मारल्यागत उजळ केलेला.
बाही दिसतच नाही.
मी तो अंक घडी घालून साच्यांच्या खाली ठेवला. लई राग आला होता.

काल दुपारी, लाईट गेलेली,
दारात परत अंधार झाला.
हातात तोच ब्लाउज.
"दंड वाढला मावशी, अर्धा इंच. उसवून घ्यायला आलो."

आलो, म्हणाली.
जोर कुठंच नव्हता.

बस, म्हणालो. शिवण खोलतो.
आत दोन्ही बाजूंनी इंचभर माया सोडलीय.